तुम्ही विचारलंत म्हणून : पगार धरायचा का शेअर्स?

"ताई, पगार वर्षाला चार लाखांनी कमी आहे, पण ईसॉप देतायत. घेऊ का?"

ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर्स पुढे विकत घेता यावेत अशी योजना. गेल्या महिन्यात हा फोन औशाच्या एका मुलाचा होता. त्याआधी अहमदपूरच्या एका मुलीचा. मी लातूर जिल्ह्यातली, पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि आता छत्रपती संभाजीनगरला राहून काम करते. त्यामुळे आमच्या भागातली मुलं ऑफर लेटर हातात पडलं की मला फोन करतात. फोनवर पाच मिनिटांत सांगितलेलं पुरत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात अण्णांचा साखर कारखान्याचा शेअर आहे. कारखाना उभा राहत होता तेव्हा एक म्हैस विकून त्यांनी तो घेतला. त्या कागदावर काही वर्षं उसाची नोंद लागली, दिवाळीला सवलतीची साखर मिळाली, वार्षिक सभेत हात वर करता आला. मग कारखाना अडचणीत आला आणि एका हंगामात धुराडं पेटलंच नाही. कागद पेटीतच राहिला. त्यावर अध्यक्षाची सही आहे, शिक्का आहे, अण्णांचं पूर्ण नाव आहे. फक्त तो विकत घेणारं कुणी नाही.

खाजगी कंपनीचा शेअर असाच असतो, हे मला नोकरी सोडताना कळलं. खाजगी कंपनीचे शेअर्स हवे तेव्हा हव्या त्याला विकता येत नाहीत. हस्तांतरावर बंधन असणं हे कायद्यातल्या खाजगी कंपनीच्या व्याख्येतच आहे. शिवाय ईसॉप म्हणजे अजून शेअरही नव्हे. ठरलेल्या भावानं पुढे शेअर विकत घ्यायचा तो हक्क. ईसॉपचं पत्र मिळाल्यापासून किमान एक वर्ष तो हक्क पिकत नाही, म्हणजे वापरता येत नाही, हा नियमच आहे. आणि पुढे बहुतेक कंपन्या तो चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं पिकवतात. तो हक्क दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तारण ठेवता येत नाही. सातबारा दाखवून पीककर्ज तरी मिळतं, या पत्रावर बँक एक रुपया देत नाही.

माझं झालं ते असं. चार वर्षं राबले, चार हजार ऑप्शन्स पिकले, म्हणजे तेवढे शेअर्स घ्यायचा हक्क. घ्यायचा भाव पन्नास रुपये. राजीनामा दिला त्या दिवशी एचआरकडून मेल आला की नव्वद दिवसांत शेअर्स घ्या, नाहीतर हक्क संपला. दोन लाख भरायचे, तेवढे साठवलेले होते. पण खाली दुसरी ओळ होती. शेअरची त्या दिवशीची किंमत मर्चंट बँकरनं (असं मूल्य काढून देणाऱ्या अधिकृत संस्थेनं) साडेसहाशे काढलेली होती. म्हणजे प्रत्येक शेअरमागे सहाशे रुपये मला 'मिळाले' असं धरलं जाणार आणि ते पगाराचं उत्पन्न म्हणून करपात्र होणार. चोवीस लाखांवर, सेस धरून ३१.२ टक्के, साधारण साडेसात लाख रुपये कर. शेअर विकल्यावर नाही, घेतानाच. पुढे कधी विकले तर त्यावरच्या नफ्याचा भांडवली कर पुन्हा वेगळा.

साडेनऊ लाख रुपये भरून मी असा कागद घेणार होते, जो त्या दिवशी कुणी विकत घेत नव्हतं. २०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलायची सोय आली, पण ती ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअप्सनाच. आमच्या कंपनीकडे ते नव्हतं.

सुट्टीला घरी गेले तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. ते उठले, पेटी उघडली, तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, मला तरी साखर मिळाली. तुला काय द्यायलेत?" मी एक हजार शेअर्स घेतले, दोन लाख सदतीस हजार मोजून. उरलेले तीन हजार नव्वदाव्या दिवशी गेले. घेतलेल्यांतून आजवर काही हाती आलेलं नाही. तरी चार वर्षांच्या कामातलं काहीतरी आपल्या नावावर राहावं असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

शेअर्समधून कुणाचं भलं होत नाही, असं माझं म्हणणं नाही. फ्रेशवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदली गेली तेव्हा भारतातले पाचशेहून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाल्याच्या बातम्या आल्या, त्या खऱ्या होत्या. इन्फोसिसनं नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर्स दिले आणि मध्यमवर्गीय घरांचं नशीब पालटलं, हेही खरं. पण बायजूज या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीचं मूल्यांकन २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर होतं आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पहिल्या बातमीतली माणसं गावात पेढे वाटतात म्हणून लक्षात राहतात, दुसरीतली गुपचूप नवीन नोकरी शोधतात.

म्हणून ऑफर आली की आधी एक विचारा: एकूण शेअर्स किती? "दहा हजार ऑप्शन्स" ऐकायला भरघोस वाटतात. एकर म्हणजे चाळीस गुंठे, हे कुठेही गेलात तरी ठरलेलं. शेअरचं तसं नाही. एक कोटी शेअर्समधले दहा हजार म्हणजे कंपनीचा हजारावा हिस्सा, शंभर कोटींमधले दहा हजार म्हणजे लाखावा. पुढे नवीन गुंतवणूकदार आला की नवे शेअर्स निघतात आणि तुमचा हिस्सा अजून बारीक होतो. हे विचारताना सगळे ऑप्शन्स आणि गुंतवणूकदारांचे पुढे साध्या शेअर्समध्ये बदलणारे शेअर्स धरून आकडा मागा, नुसता आजचा नको.

दुसरं, गुंतवणूकदारांनी घातलेले पैसे आधी परत घ्यायची अट आहे का? बहुतेक ठिकाणी असते. समजा त्यांनी तीनशे कोटी घातले आणि कंपनी अडीचशे कोटींना विकली गेली. वर्तमानपत्रात 'अडीचशे कोटींचा सौदा' असं येईल, कर्मचाऱ्याच्या वाट्याला मात्र शून्य येऊ शकतं.

आणि नोकरी सोडल्यावर शेअर्स घ्यायला किती दिवस? मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. काही कंपन्या नव्वद दिवस देतात, काही कित्येक वर्षं देतात. दोन्ही कायदेशीर आहे, कंपनीनं स्वतः ठरवायचं असतं. ज्या माणसानं चार वर्षं दिली, त्याच्याकडे जाताना दहा लाख रोख नसतील तर त्याचा हक्क संपावा का नाही, हे तिथं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

इथं मी आणखी एका प्रश्नावर येते, जो मुलं हळू आवाजात विचारतात: "आणि तिथलं वातावरण कसं आहे, ताई?" शेअर्स एकीकडे आणि वातावरण दुसरीकडे असं तराजूत घालून बघायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. जाणाऱ्या माणसाला कंपनी कशी वागवते हे त्या पत्रातच लिहिलेलं असतं, आणि राहणाऱ्याला कशी वागवेल ते त्यावरून कळतं.

आमच्याकडे येळवस असते, मार्गशीर्षातली अमावास्या. रानात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत ती कधीच नसते. पहिल्या कंपनीत मी महिनाभर आधी रजा मंजूर करून घेतली होती. पत्रावळीवर भज्जी वाढलेली असताना फोन आला. सर्व्हर बंद नव्हता, कुणाचा पैसा अडकला नव्हता. साहेबांना संध्याकाळच्या मीटिंगसाठी एक आकडा हवा होता. कोपीत रेंज नाही, म्हणून विहिरीजवळच्या बांधावर मी दोन तास लॅपटॉप धरून बसले. आई ताट झाकून वाट बघत होती. संध्याकाळी कळलं, मीटिंग पुढे ढकलली होती. ते कुणी मला कळवलं नव्हतं.

नव्वद दिवसांची अट लिहिणारी कंपनी हीच. तेव्हा दोन्हींचा संबंध लावता आला नाही, आज लागतो.

आताच्या ठिकाणी पगार बाजारभावाचा, शेअर्स अगदी थोडे. पण रुजू झाल्यावर टीमच्या कॅलेंडरमध्ये आपापले सण लिहायला सांगितलं. मी येळवस लिहिली. त्या दिवशी माझं काम कुणाकडे, तेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं. तीन वर्षांत त्या दिवशी फोन वाजलेला नाही.

माझा हिशेब आता साधा आहे. शेअर्सची किंमत शून्य धरायची आणि उरलेल्या पगारात घर चालतं का ते बघायचं. आमच्या मुलांच्या पगारावर शैक्षणिक कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, आटलेल्या बोअरच्या जागी नवीन बोअर असतो. पुण्यातल्या ज्या सहकाऱ्याच्या वडिलांचा स्वतःचा फ्लॅट आहे, तो चार लाख कमी घेऊन चार वर्षं थांबू शकतो. त्याचं बघून तुम्ही सही करू नका. भागत असेल आणि माणसं चांगली असतील, तर जरूर जा, शेअर्सही आनंदानं घ्या. आणि ते पत्र कुठे ठेवलंय हे घरी सांगून ठेवा. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याचे दिलेले सगळे ऑप्शन्स वारसांना मिळतात, पण घरच्यांना माहीतच नसेल तर मागणार कोण?

औशाच्या मुलानं हे तिन्ही प्रश्न एचआरला मेलवर विचारले. चार दिवसांनी उत्तर आलं: "ही माहिती रुजू झाल्यानंतर देता येईल." त्यानं मला तो मेल पुढे पाठवला, खाली एवढंच लिहून, "ताई, आता?" मी त्याला म्हटलं, अजून एकदा विचार, यावेळी तुझ्या होणाऱ्या मॅनेजरला फोन करून. तो सोमवारी करणार आहे.