हन्नाचे पाचशे रुपये

1 फेब्रुवारी 2025, शनिवार. टीव्हीवर अर्थसंकल्पाचं भाषण चाललं होतं. बारा लाखांपर्यंत आयकर नाही, हे ऐकताच नवऱ्याने हिशेब मांडला. माझं करपात्र उत्पन्न दहा लाखांच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण 50,000 रुपये वाचणार. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी येशूच्या समर्पणाचा सण. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला, मग लूकचं शुभवर्तमान. योसेफ आणि मरिया बाळाला मंदिरात आणतात. अर्पणाला होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. लहानपणापासून ऐकत आलेय. पण फादरांनी त्या दिवशी बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातला नियम उलगडून सांगितला. अर्पण खरं तर कोकराचं असायचं. जिला कोकरू परवडत नाही, तिच्यासाठी ही पाखरं. गरिबाची सोय नियमातच लिहून ठेवलेली, कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

पुढे हन्ना येते, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. आणि माझं मन मिस्सेच्या उपासनेतून थेट पेन्शनच्या अर्जावर गेलं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या चर्चच्या सेवाभावी संस्थेतर्फे मी म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देते, त्यामुळे हे आकडे तोंडपाठ आहेत. दारिद्र्यरेषेखालची हन्ना आज आपल्याकडे असती, तर केंद्राच्या वाट्यातून तिला महिन्याला 500 रुपये मिळाले असते. ऐंशीच्या आतली असती तर विधवा म्हणून 300. साठ ते एकोणऐंशी वयाच्या बाकी म्हाताऱ्यांना 200, आणि हे दोनशे 2007 पासून दोनशेच आहेत. महाराष्ट्र सरकार भर घालून 1500 करतं, म्हणून आमच्या आज्यांचं थोडंफार भागतं.

केंद्राच्या या सगळ्या सामाजिक साहाय्य योजनांना मिळून त्या अर्थसंकल्पात 9,652 कोटी ठेवले होते. आदल्या वर्षीही तेवढेच. आणि आम्हा करदात्यांसाठी सरकारने सोडून दिले सुमारे एक लाख कोटी. माझ्या एकटीच्या वाचलेल्या पैशांत वीस म्हाताऱ्यांचे वर्षभराचे दोनशे-दोनशे भागतात.

पाड्यावरच्या एका आजीबरोबर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा आधारवरचं जन्मसाल चुकलेलं, दुसऱ्यांदा साहेब जागेवर नव्हते. प्रत्येक खेपेला रिक्षाचे जाऊन-येऊन ऐंशी रुपये. ती दर वेळी धुतलेलं लुगडं नेसून, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तयार बसलेली असायची. तिसऱ्या खेपेला दाखला हातात आला तेव्हा मला म्हणाली, "बाय, तुझा लय खाडा झाला गो." माझ्या खाड्याची काळजी तिला.

पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या आपल्या परिपत्रकात लिहिलं आहे की श्रीमंतांकडे स्वतःला सांभाळायची साधनं असतात, गरिबांना मात्र राज्याचाच आधार असतो. म्हणून राज्याने त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावं. आमच्याकडे हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतात, पण अर्थसंकल्प आला की आपण सगळे आपापला स्लॅब बघतो. मीही तेच केलं होतं.

दानपेटीत पैसे टाकून हे मिटत नाही. सोसायटीतल्या बायकांना मी सांगितलं, खासदारांना पत्र लिहू या. मागणी एकच, दोनशेचा आकडा वाढवा आणि महागाईशी जोडा. एकीने विचारलं, चर्चने राजकारणात का पडायचं? मी तिला हन्नाचं वय विचारलं. मसुदा तयार आहे. रविवारी सातच्या मिस्सेनंतर दाराशी टेबल लावणार आहोत.