मावशीचं तोंड

आज मावशीची कॅन्सरवरची तिसरी केमो. खानापूरहून पहाटेच निघालो, बेळगावात पोचलो तर नर्सबाईंनी आधी तिला तोंड उघडायला लावलं. आत जिभेची सालं निघालेली, गालाला फोड. मागच्या केमोनंतर आठव्या दिवसापासून हे चाललंय आणि ती कुणाला बोललीच नाही! भाकरी दुधात कुस्करून नुसती गिळत होती. "तिखटानं झालं असंल गं," म्हणाली. खर्ड्याशिवाय घास न घेणारी बाई.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, तोंडातलं अस्तरही त्यात सापडतं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. मऊ ब्रश. मशेरी बंद (तंबाखूच्या निपाणीचं माहेर, सवय जुनी). ताप १००.४ वर गेला तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, फोडांतून जंतू रक्तात जातात.

केमो सुरू होण्याआधीच दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्यायचं असतं, हे आज कळलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. ते मनातून जात नाहीये. कुणाच्या घरी केमो सुरू होणार असेल तर आधी विचारा.

संध्याकाळी नाचणीची पेज गार करून दिली. वाटी संपवून म्हणाली, "अजून हाय का?"