भडगाव की मडगाव: अक्षरसुधाराची दिवाळी ते आखाजीपर्यंतची नोंद

हाताचं अक्षर सुधारायचा सराव दिवाळी उरकल्यावर सुरू झाला, ही नोंद आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची. सराव करणारे सगळे वयानं मोठे. कोणाला वर्णनात्मक पेपर लिहायचे आहेत, कोणाच्या हातचा अर्ज टेबलावरून परत येतो, कोणाला नुसती हौस. सुलेखन हा इथला विषय नाही. बोरू, कटनिब, जाड-बारीक रेघ हा वेगळा छंद आहे आणि त्याची घाई करू नये. रोजच्या पेनानं लिहिलेलं दुसऱ्याला न अडखळता वाचता यावं, एवढंच माप धरलं आहे.

माप घ्यायची पद्धत सोपी ठेवली. सहा ओळींचा एकच उतारा, दर रविवारी, त्याच पेनानं, कोपऱ्यात तारीख घालून. उतारा बदलायचा नाही, नाहीतर फरक अक्षराचा की मजकुराचा ते कळत नाही. लिहून झालं की कागद उलटा धरून बघायचा. उलट्या कागदावर शब्द वाचले जात नाहीत, त्यामुळे डोळ्याला फक्त आकार, अंतर आणि ओळीची चढउतार दिसते. पहिल्या महिन्यातच दिसून आलं की सुटं अक्षर बहुतेकांना बरं काढता येतं. बिघाड असतो तो उंचीत, अंतरात आणि शिरोरेषेत. म्हणून ‘क’ चाळीस वेळा गिरवण्यात फारसा अर्थ नाही, शब्दच लिहावेत.

आधी रेघेचं गणित. साध्या एकेरी वहीत दोन रेघांत साधारण ८ मिलिमीटर अंतर असतं. पट्टी लावून आपल्या वहीचं बघून घ्या. त्यातले ४ मिलिमीटर अक्षराच्या अंगाला, २ वर मात्रा-वेलांटी-रफाराला आणि २ खाली उकाराला. हे जमवायचं तर अक्षर छापील रेघेवर बसवायचं नाही, रेघेला टांगायचं. म्हणजे छापील रेघ हीच शिरोरेषेची जागा. बरेच जण इंग्रजीच्या सवयीनं अक्षर रेघेवर बसवतात. मग रेघेला शिरोरेषेची जागा ठरवून देता येत नाही, उंची डोळ्याच्या अंदाजावर जाते आणि ओळ संपेपर्यंत अक्षर फुगतं. खालचा उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो तो यामुळेच. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दुरेघी वही आणि 2बी पेन्सिल. त्यानंतर एकेरी वही, पण पहिल्या काही पानांवर ४ मिलिमीटरची खालची हद्द पेन्सिलीनं पुसट आखून.

धुळ्यात राहून हे नव्यानं शोधून काढल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास याच विषयावर आहे: पान शिशानं आखून घ्यावं, ओळीला ओळ लागू नये, भोवती जागा सोडावी, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी उपयोगाला येत नाही, म्हणून मध्यम लिहावं, हा सल्ला चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना लगेच पटतो. समर्थांच्या हातच्या वाल्मीकि रामायणाची पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. ज्यानं नियम सांगितले त्याचंच अक्षर आपल्या गावात आहे, ही सोय इतरांना नाही.

आता मुख्य दुखणं: शिरोरेषा. अक्षर काढलं की लगेच त्याच्यावर तुकडा मारायचा, पुन्हा पुढचं अक्षर, पुन्हा तुकडा, असं केलं की तुकडे वरखाली होतात आणि ओळ पायऱ्यांसारखी दिसते. दुसरी खोड याच्या उलट: अख्खी ओळ लिहून झाल्यावर एकच लांब रेघ ओढायची. त्यात दोन शब्दांमधली फट बुजते आणि वाचणारा अडखळतो. शब्द पुरा करायचा, मग डावीकडून उजवीकडे एकच रेघ. शब्दांमध्ये एका ‘व’च्या रुंदीएवढी मोकळी जागा.

पण ती रेघ सगळ्या अक्षरांवरून सरसकट जात नाही. भ, ध आणि थ यांचा डावा माथा उघडा राहतो, रेघ त्यांच्या उभ्या दांडीपाशी सुरू होते. श वरही डाव्या बाजूला थांबावं लागतं. भ ओळखायच्या दोन खुणा आहेत, डोक्यावरची गाठ आणि तुटलेली रेघ. घाईत गाठ आधी सपाट होते, मग रेघही वरून निघून जाते आणि उरतो म. जळगाव जिल्ह्यातलं भडगाव अशा रीतीनं थेट गोव्यातलं मडगाव होतं. ध चा घ होण्याची तीच गत: धरणगावचं घरणगाव, धडगावचं घडगाव. उपाय असा की रेघ मारताना भ किंवा ध आला की पेन चक्क उचलायचं. शब्दाच्या सुरुवातीला ध असेल तर रेघ डाव्या टोकापासून नाही, दांडीपासून सुरू करायची. आठवडाभर हे मुद्दाम करावं लागतं, पुढे हात आपोआप उचलला जातो.

यासाठी सरावाचा मजकूर म्हणून खान्देशातले तालुके घेतले आहेत आणि तो चांगलाच कामाला आला. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, मिळून २५ नावं एका पानात बसतात. धुळे आणि भुसावळमध्ये उघडा माथा, उकार आणि ळ एकत्र येतात. शिंदखेड्यात ह्रस्व वेलांटी, अनुस्वार आणि ख आहे. ख चा डावा भाग खाली व ला येऊन मिळाला नाही तर तेच नाव ‘शिंदरवेडा’ वाचलं जातं. अक्कलकुवा, साक्री, मुक्ताईनगर, अक्राणी ही जोडाक्षरांसाठी. बोदवडमध्ये ब आणि व शेजारी, मध्ये फक्त द, त्यामुळे ब च्या पोटातली तिरपी रेघ विसरली की लगेच पकडलं जातं. मात्र २५ नावांत रफार एकदाही येत नाही. थ, घ, फ, ट नाहीत, ऐकार नाही. ती भर थाळनेर, वाघूर, फैजपूर, पूर्णा आणि औट्रम घाट घालून काढली. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आपापले तालुके तपासून बघावेत. कोणत्या जिल्ह्यात काय कमी पडतं ते वाचायला आवडेल.

ह्रस्व वेलांटी बिघडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, दांडीला जागाच ठेवलेली नसते. घाईत अक्षर आधी लिहिलं जातं आणि दांडी मागून घुसवली जाते. क्रम दांडी, अक्षर, शिरोरेषा आणि शेवटी वरची कमान. कमान अक्षराच्या उभ्या रेघेवर येऊन टेकली पाहिजे; अधांतरी राहिली तर ती कुठल्या अक्षराची ते कळत नाही. रफाराचंही तसंच, तो ज्या अक्षरावर आहे त्याच्या काना-वेलांटीच्या दांडीवर बसतो. आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक हातानं लिहिताना दिसलाच पाहिजे, नाहीतर स्वयंपाक करणारा गुरुस्थानी जाऊन बसेल.

आकड्यांना थोडक्यात: १ आणि ९, ४ आणि ५ यांचा घोळ होतो. वेगळ्या पानावर रोज दोन ओळी पुरतात.

पकड आणि दाब. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवा. अक्षरं बोटाला उठून लागली तर दाब जास्त आहे, आणि अर्ध्या पानात मनगट दुखायला लागणार. बॉलपेनला दाब द्यावाच लागतो, म्हणून दाब कमी करायचा असेल तेव्हा काही आठवडे ०.७ चं जेलपेन किंवा शाईपेन. कागदाखाली पाच-सहा कागदांची गादी असू द्या. कडक टेबलावर एकच कागद ठेवला की टोक घसरतं आणि घसरू नये म्हणून आपण आणखी दाबतो.

मार्चपासून हवेनं वेगळा त्रास दिला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात शाईपेनचं टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते, पहिली दांडी उमटत नाही आणि हात नकळत जोर लावतो. शब्द सुचेपर्यंत टोपण लावून ठेवावं. दुसरा त्रास घामाचा. तळहाताखालचा कागद ओलसर होतो आणि त्या पट्ट्यावर शाई फुटते. तळहाताखाली जाड कागदाचा तुकडा ठेवून तो ओळीबरोबर खाली सरकवत न्यायचा. दुपारी सराव करूच नये. पहाटे वीस मिनिटं पुरतात, पाच मिनिटं नुसत्या दांड्या आणि अर्धगोल, पाच मिनिटं तालुके, दहा मिनिटं उतारा.

सध्या गाडी वेगापाशी आहे. बघून लिहिलेलं आता जवळपास सगळ्यांचं नीट येतं, मनातलं लिहिताना मात्र विस्कटतं, कारण लक्ष मजकुराकडे जातं. मध्ये एक पायरी हवी: श्रुतलेखन. घरातल्या कोणीतरी वर्तमानपत्र वाचायचं, मिनिटाला १० शब्दांच्या बेतानं. आठवडाभर टिकलं तर १२, मग १४. वेग वाढला की बिघाड ठरावीक क्रमानं होतो. आधी शब्दांमधलं अंतर आवळतं, मग भ-ध चा माथा मिटतो, शेवटी वेलांटीची कमान आखडते. पानावर अंतर आवळलेलं दिसलं की थांबून दोन शब्द कमी करायचे, माथा मिटायची वाट बघायची नाही. बहुतेकांचा हात आत्ता १४ ते १६ च्या दरम्यान अडला आहे. पुढची नोंद पोळ्याच्या सुमारास. तोवर पावसानं कागद दमट झालेला असेल, तेव्हा त्याच उताऱ्यावर शाई किती पसरते आणि कोणती वही टिकते ते त्यात येईल.