तुम्ही विचारलंत म्हणून: ते एक्सएम खरं होतं का?

अकरावीच्या वर्गात कुणाला तरी पत्ता लागतो की मॅडम 'इन्ग्रेस' खेळायच्या, आणि मग प्रश्न येतोच : "मॅडम, त्यातलं एक्सएम खरंच असतं का?" ओळखीतली मोठी माणसं तोच प्रश्न वेगळ्या सुरात विचारतात. भौतिकशास्त्र शिकवणारी बाई असल्या गोष्टींवर तासन्‌तास वाद घालायची, म्हणजे तिला ते पटत होतं की काय? दोघांनाही एकदाच नीट उत्तर देते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. तेव्हा गुगलचाच भाग असलेल्या नायँटिकने हा फोनवरचा खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये आणला. त्यातली गोष्ट अशी : जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा मूलकण शोधता शोधता शास्त्रज्ञांना एक अनोळखी ऊर्जा सापडते, एक्झॉटिक मॅटर, म्हणजे एक्सएम. पुतळे, देवळं, भित्तिचित्रं अशा ठिकाणी ती जगात झिरपते. ती ठिकाणं म्हणजे पोर्टल. तिचा माणसाच्या मनावर परिणाम होतो, म्हणून तिला आपलंसं करा म्हणणारे हिरवे आणि तिला रोखा म्हणणारे निळे. आणि हातातलं ॲप? गोष्टीनुसार तो खेळच नाही. खेळाचा वेष घेऊन बाहेर आलेलं ते स्कॅनर आहे. त्यासोबत फुटलेली कागदपत्रं, व्हिडिओ, चित्रांत दडवलेले सांकेतिक शब्द येत राहायचे. पोर्टल गाठायला मात्र घराबाहेरच पडावं लागायचं, कारण स्कॅनरची पोच फक्त ४० मीटर.

मी निळी. आमच्या पेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी असलेला मारुती हे माझं पहिलं पोर्टल. रात्री साडेदहाला जाळीच्या दाराला कुलूप असायचं, आत नंदादीप, बाहेरपर्यंत शेंदराचा आणि तेलाचा वास. माझ्या पर्समधून पॉवर बँकेची वायर बाहेर आलेली, फोन तव्यासारखा तापलेला. आणि समोरच्या कट्ट्यावर हिरव्यांचे काका बसलेले. काका पोस्टमन म्हणून निवृत्त झाले होते आणि मुलाचा जुना फोन घेऊन खेळायचे. दिवसभर एकमेकांचे रेझोनेटर, म्हणजे पोर्टल ताब्यात ठेवायला त्याभोवती लावायची खेळातली यंत्रं, फोडायचे आणि रात्री त्याच कट्ट्यावर बसून सिद्धान्त मांडायचे, असा आमचा रिवाज पडला होता.

सिद्धान्तांना तोटा नव्हता. इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा, त्याचं म्हणणं : पोर्टलभोवती रेझोनेटर आठ, आठही दिशांना एकेक, म्हणजे हे अष्टदिक्पालच. देवळं बांधणाऱ्यांना एक्सएम जाणवत होतं आणि त्यांनी तिथेच पाया घातला. पुरावा म्हणून तो सर्नमधला नटराज पुढे करायचा. ती मूर्ती खरोखर आहे, दोन मीटर उंच, भारत सरकारने २००४ मध्ये दिलेली. मी त्याला एवढंच विचारलं, की तुझं म्हणणं चुकीचं असतं तर आपल्याला काय दिसलं असतं? उत्तर काकांनीच दिलं. आठ रेझोनेटर तर पोस्टाच्या इमारतीभोवतीही बसतात, आणि ती जागा कुणाला ऊर्जा जाणवली म्हणून निवडलेली नाही! सुरुवातीची बरीच पोर्टलं ऐतिहासिक फलकांच्या एका संग्रहावरून आली होती, पुढची खेळाडूंनीच फोटो पाठवून सुचवलेली. ऊर्जा माणसांच्या नजरेची होती. मला ते कमी अद्भुत वाटत नाही.

आता विज्ञानाचं. एक्झॉटिक मॅटर हा शब्द गोष्ट लिहिणाऱ्यांनी हवेतून काढलेला नाही. १९८८ मध्ये मायकल मॉरिस आणि किप थॉर्न यांनी दाखवलं, की अवकाशातलं कृमिविवर, म्हणजे दूरच्या दोन जागा जोडणारा बोगदा, उघडं ठेवायचं, त्यातून आरपार जाता यावं असं वाटत असेल, तर ऋण ऊर्जा असलेला पदार्थ लागेल. तसं काही निसर्गात अगदीच नाही असंही नाही. दोन धातूच्या पट्ट्या निर्वातात एकमेकींच्या अतिशय जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्येच सांगितलं होतं, आणि पट्ट्यांमधल्या जागेतली ऊर्जा मोकळ्या निर्वातापेक्षा कमी भरते. पण हा परिणाम इतका बारीक, की तो नीट मोजायलाच जवळपास पन्नास वर्षं गेली. पुतळ्यांतून झिरपणारं आणि माणसाचं मन वळवणारं एक्सएम असं काही नाही. वर्गात मी हे दोन्ही सांगते, कारण पहिलं सांगितल्याशिवाय दुसरं मुलांच्या गळी उतरत नाही.

एका ठिकाणी मात्र मी कडक होते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच नटराजासमोर नरबळी दिल्याचा एक व्हिडिओ पसरला. तो बनाव होता, सर्नने तसं सांगितलंही, तरी लोक घाबरून तो पुढे पाठवत राहिले. आमच्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण गोष्टीच्या आत बसून बोलतोय. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना तेवढी ओळही आखून दिलेली नव्हती. ती ओळ पुसणाऱ्याला मी चाहता म्हणत नाही.

आणि काकांचा सिद्धान्त. ते म्हणाले होते, "मॅडम, हे यंत्र एक्सएम मोजत नाहीये, आपल्याला मोजतंय. आम्ही जशी टपालाची बीट बसवायचो, कुठल्या वाड्यातून कुठे निघता येतं ते बघून, तशी कुणीतरी अख्ख्या शहराची बीट बसवतंय." मारुतीमागून दोन वाड्यांच्या मधून जाणारा एक बोळ आहे, छत्री उघडता येत नाही इतका अरुंद. तेव्हा तो कुठल्याच नकाशात आम्हाला सापडला नव्हता. काका मुद्दाम रोज तिथूनच यायचे. "बघू, दिसतो का कधी नकाशावर."

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २०१६ मध्ये नायँटिकचाच पोकेमॉन गो हा खेळ आला आणि आमची पोर्टलं त्यातले पोकेस्टॉप झाली. मग २०२० मध्ये इन्ग्रेसमध्येच पोर्टल स्कॅन करायची सोय आली : कॅमेरा रोखून त्या वस्तूभोवती चालत फिरायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायँटिकने जाहीर केलं, की जगाची रचना समजणारं एक प्रचंड मॉडेल ते घडवत आहेत आणि त्यांच्याकडे एक कोटी जागांचे स्कॅन आहेत. २०२५ मध्ये पोकेमॉन गोसकट बहुतेक खेळ साडेतीन अब्ज डॉलरला विकले गेले. इन्ग्रेस मात्र नकाशाचं काम करणाऱ्या नव्या कंपनीकडेच राहिला.

काकांचं निम्मं चुकलं होतं. नुसत्या चालण्यावर ते मॉडेल उभं नाही, स्वतःहून केलेल्या स्कॅनवर आहे. पण इतक्या सिद्धान्तांत यंत्राचं तोंड आपल्याकडे आहे हे त्यांनीच ओळखलं, आणि पुराव्यासाठी त्यांनी नटराज नाही, एक बोळ निवडला. मला हा माणूस प्रयोगशाळेत हवा होता.

त्या मॉडेलची बातमी वाचली तेव्हा मी त्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग विचारलं, "आपला बोळ आहे का त्यात?"

बोळाचं सांगता येणार नाही म्हटलं, पण मारुती असेल. फोन हातात धरून त्याला दोन प्रदक्षिणा मीच घातल्या होत्या.