एसआर गोळी कुटू नका ओ

रविवारी मंगळवार पेठेत आत्तीकडं गेलेलो, तर आत्ती खलबत्त्यात शुगरची मेटफॉर्मिन एसआर (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटत बसलेली, म्हणे गोळी लई मोठी हाय, घशात अडकती, म्हणून पूड करून ताकातनं घेते. माझ्या पोटात गोळाच आला, कारण मी रोज लॅबमध्ये अशा गोळ्यांचंच काम बघतो. या गोळीत बऱ्याचदा एचपीएमसी नावाचं पॉलिमर असतं, पाणी लागलं की त्याचा जेल होतो आणि औषध त्यातनं तासन्‌तास हळूहळू झिरपतं. डिसोल्युशनच्या (गोळीतनं औषध किती वेगानं सुटतं ते तपासायच्या) भांड्यात ३७ डिग्रीला गोळी फुगून भिजल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत होते, कापून बघितली तर आत अजून पांढरा कोरडा गाभा असतो.

कुटली की हे सगळं मोडलं, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. मेटफॉर्मिननं मळमळ, जुलाब होतील, पण बीपीच्या निफेडिपिनची अशी गोळी कुटली तर प्रेशर धाडकन खाली येऊ शकतं, जिवावर बेतू शकतं.

आत्तीला हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचं फार वाईट वाटलं. लगेच तिच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी साधी छोटी गोळी दोन वेळा करून दिली. आता शेजारच्या काकूपण आपली गोळ्यांची पिशवी घेऊन येणार हायत, बसतो एकेक स्ट्रिप बघत.