घडीवर न कापलेला टॉप

पुण्यात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, कुर्ते, फॉल-पिको यांवर ते चालतं. एक काकू मुलाच्या रिसेप्शनसाठी टॉप शिवायला आल्या आणि अमेरिकेतल्या बहिणीने दिलेलं पॅटर्नचं, म्हणजे कापड बेतायच्या कागदी आकारांचं, पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं, तेव्हा मी मनापासून खूश झाले. काऊल गळा, म्हणजे समोर सैल झोळ पडणारा, आणि लांब बाह्या. तिकडे पुष्कळ बायका हा टॉप घरी शिवतात. कापड वाइन रंगाचं व्हिस्कोस-लायक्रा, बारीक चमक असलेलं.

मी टेप उचलली तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय गं, कॅन्सरचं. काऊलच्या झोळात ते दिसणार नाही, म्हणून हे डिझाइन." आधी एका बुटीकमध्ये त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर "मग पॅडेड घाला की" असं ऐकवलं होतं. माप घेणाऱ्याला बोलायचं भान नसेल तर त्याने टेप हातात धरू नये.

होजिअरीत, म्हणजे अशा ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडात, अंगाआधी कापडाचं माप घ्यावं लागतं. कापड आडवं दुमडून चार इंचांवर टाचण्या लावायच्या आणि ताणायचं. हे सहा इंचांपर्यंत आलं आणि सोडल्यावर जागेवर परतलं. कापड उत्तम होतं, अडचण निराळीच होती. असे टॉप बहुधा छातीच्या मापापेक्षा कमीच कापायचे असतात, ताण घेऊन ते अंगाला चिकटतात. काऊलचा झोळ समोर पडतो, पण त्याच्या खाली आणि बगलेकडे कापड अंगाचा आकार जसाच्या तसा दाखवतं.

मुख्य म्हणजे समोरचा भाग घडीवर ठेवून कापायचा होता. कागदावर अर्धंच शरीर असतं, उरलेलं अर्धं तसंच आहे असं गृहीत धरायचं. १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिकने मापांनुसार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत पॅटर्नमध्ये पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी ही घडी बहुतेक पाकिटांत कायम आहे. काकूंचा डावा खांदा उजव्याहून किंचित वर होता. डाव्या दंडाला सूज, घेरात दीड इंचाचा फरक. अशा हातावर घट्ट बाही चालत नाही, आणि पॅटर्नची बाही तर आवळणारीच.

मी समोरचा पूर्ण पॅटर्न काढला, डावी-उजवी वेगळी. डावी बाही दंडाशी रुंद करून मनगटाकडे उजवीइतकीच आणली. मग आधी साध्या होजिअरीत कच्चा टॉप शिवायला घेतला. आमचे मास्टर वैतागले. त्यांच्या मते कच्चा टॉप म्हणजे कापडाची नासाडी आणि काऊल उरेबातच, म्हणजे कापड तिरकं धरूनच, कापायला हवा. सुती किंवा जॉर्जेटला ते बरोबर आहे. होजिअरी मुळातच झोळ देते. तिला उरेबात कापलं तर ती लोंबते. मास्टरांचा हात ब्लाउजला सोन्यासारखा आहे, पण होजिअरीला ते अजून कापडच मानत नाहीत.

ट्रायलला काकू आल्या आणि म्हणाल्या, "आज ते आतलं लावलंच नाही. सिलिकॉन जड होतं, उकडतं. त्याच्याशिवाय बसेल का?" मी कोपऱ्यातला पडदा ओढला. झोळ सगळा उजवीकडे सरकला होता, डावीकडे कापड सपाट पडलं होतं. डाव्या खांद्याची चुणी मी उसवली, कागद कापून पसरवला, दोन चुण्यांच्या तीन केल्या. वजन डावीकडे आलं. अस्सल कापडात गळ्याच्या आतल्या दुमडीला, डाव्या बाजूला, कापडात गुंडाळून छोटं वजन टाचलं. खांद्याच्या शिवणीत पारदर्शक इलॅस्टिक घातलं, नाहीतर चुण्यांच्या भाराने खांदा ताणत जातो. गोल टोकाची बॉलपॉइंट सुई, बारीक झिगझॅग. खालची दुमड घालण्याआधी टॉप रात्रभर टांगून ठेवला. ही सगळी शिलाई मला आजही दाखवावीशी वाटते.

समोरून टॉप छान बसला. डाव्या कुशीवरून पाहिलं तर मात्र फरक कळत होता. मी आणखी एक थर सुचवला. काकू आरशात वळून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "राहू दे. कुशीवरून बघणारे घरचेच असतात."

ते वाक्य समाधानाचं होतं की थकव्याचं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांना थर नको होता, की आणखी एक ट्रायल नको होती? मी पुन्हा विचारायला हवं होतं का, यावर मन सारखं फिरतं.

आता मापाच्या वहीत खांदा, दंड आणि छातीसमोर डावं-उजवं असे दोन रकाने आखलेत. मास्टर दुसरा रकाना कोराच सोडतात, त्यावरून आमची रोज वादावादी होते. गिऱ्हाइकाला डाव्या-उजव्या फरकाचा प्रश्न पहिल्यांदा कोणत्या शब्दांत विचारायचा, हे मात्र मला अजून नीटसं जमलेलं नाही. सध्या मी "दोन्ही बाजूंचं माप घेते हं, सगळ्यांचंच घेते" एवढंच म्हणते.