काच कुणी फोडली?

सकाळी साडेअकराला मावशींचा फोन आला. "ताई, बाथरूमची काच गेली. अख्खं दार. तुकडे कोपऱ्यात लोटलेत आणि वर आपला पांढरा टॉवेल टाकलाय." दुपारी दोनला पुढचे पाहुणे यायचे होते.

आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी गेली सहा वर्षं दोन-चार रात्रींसाठी पाहुण्यांना देते. पहाटेच निघून गेलेल्या जोडप्याचा मेसेज आलेला होता, मी तो तोवर उघडला नव्हता. "रात्री मोठा आवाज झाला. आम्ही दोघंही झोपलो होतो. उठून पाहिलं तर शॉवरचं दार फुटलेलं. आम्ही हातही लावला नव्हता."

माझा विश्वास बसला नाही. माणसं झोपलेली असताना काच फुटेलच कशी? तासाभरात मी फोटो काढले आणि बुकिंग साइटवर नुकसानीचा क्लेम टाकला. दार, बसवण्याची मजुरी, जादा सफाई, शिवाय काचेच्या कणांनी खराब झालेला टॉवेल. सोबत एक ओळ लिहिली: "जे झालं ते खरं सांगितलंत तर प्रकरण वाढणार नाही." ही ओळ आठवली की आजही मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी काचवाले आले. त्यांनी तुकड्यांकडे नुसतं पाहिलं आणि खालच्या बिजागरीपाशी उकिडवे बसले. पट्टी सोडवली, बोट फिरवलं, मला बोलावलं. काच आणि धातूच्या मध्ये जे रबराचं पॅकिंग हवं, ते एका बाजूला उरलंच नव्हतं. दार जरा खाली बसलं म्हणून कधीतरी स्क्रू आणखी आवळला गेला होता, आणि धातू थेट काचेच्या कडेवर दाबत होता. "टफन्ड काच मधोमध बुक्की मारली तरी सहन करते," ते म्हणाले, "पण कडेला टवका उडाला की ती कधी जाईल याचा नेम नाही. उघडताना जाईल, नाहीतर रात्री कुणी नसताना जाईल."

तो स्क्रू मीच माणूस बोलावून आवळून घेतला होता.

त्यानंतर मी या काचेबद्दल बरंच वाचलं. टफन्ड काच तापवून एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबलेला राहतो आणि आतला भाग ताणलेला. म्हणूनच ती मजबूत असते, आणि म्हणूनच एका जागी तडा आतपर्यंत गेला की क्षणात सगळीचे बारीक तुकडे होतात. क्वचित काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण अडकलेला असतो. काच एकदम थंड केल्यामुळे तो तापलेला असतानाच्या रूपातच अडकून राहतो, मग महिन्यांनी, कधी वर्षांनी हळूहळू रूप बदलतो आणि त्याचं आकारमान 2 ते 4 टक्क्यांनी वाढतं. काचेच्या ताणलेल्या भागात तेवढं पुरतं. असे कण असलेल्या काचा आधीच फुटून बाजूला पडाव्यात म्हणून काही कारखाने टफन्ड काच पुन्हा भट्टीत तापवून तपासतात. नवं दार मी तशा तपासणीतून गेलेलं मागून घेतलं.

क्लेम मी काचवाले येऊन गेले त्याच संध्याकाळी मागे घेतला आणि पाहुण्यांना कारणासकट लिहिलं. उत्तर दोन दिवसांनी आलं, पत्नीचं. ती रागावलेली होती आणि तिने ते लपवलं नाही. शेवटी लिहिलं होतं की सफाईला येणाऱ्या बाईंच्या पायात काच जाऊ नये म्हणून रात्री अंधुक उजेडात तिने टॉवेलने तुकडे लोटले आणि तोच वर टाकून ठेवला. मी त्याच टॉवेलची भरपाई मागितली होती.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी मी विचारायची, कुणी केलं? आता आधी विचारते, हे मोडतं कसं? आणि त्या वस्तूची जाण असलेल्या माणसाला विचारते: सुतार, काचवाला, प्लंबर. लाकडी टेबलावर पेल्याचं पांढरट वर्तुळ दिसलं तर ओल बहुतेक वेळा पॉलिशमध्येच अडकलेली असते आणि हलक्या उबेने ती निघू शकते. डाग काळा असेल तर पाणी लाकडात उतरलेलं असतं, म्हणजे काम मोठं. पहिल्यासाठी पाहुण्याला एक शब्दही लिहिण्याची गरज नाही.

याचा अर्थ मी क्लेम करत नाही असा नव्हे. मागच्या वर्षी स्वयंपाकघरातल्या क्वार्ट्झच्या ओट्यावर पिवळट-तपकिरी गोल डाग पडला, बरोबर आपल्या मोठ्या कढईच्या बुडाएवढा. हा ओटा दगडासारखा दिसतो, पण दगडाच्या पुडीला धरून ठेवणारं त्यात रेझिन असतं आणि ते साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आसपास करपायला लागतं. गॅसवरून उतरवलेली कढई त्याहून कितीतरी गरम असते. तो डाग घासून जात नाही. कढई खाली ठेवायला लाकडी पाट होता, सूचना भिंतीवर होती. तो क्लेम मी केला आणि शेवटपर्यंत नेला.

तिथे उपयोगी पडले ते आदल्या दिवशीचे फोटो. प्रत्येक पाहुणे येण्याआधी मावशी त्याच अकरा जागांवरून, त्याच कोनातून फोटो काढतात. आधी त्या ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या, पण तिथून साधा फोटो पाठवला की आत नोंदलेली मूळ तारीख-वेळ निघून जाते. आता ते मूळ फाइल म्हणूनच येतात. पाहुणे गेल्यावर पुन्हा तेच अकरा. पुढचे पाहुणे आत आल्यावर काढलेल्या फोटोला फारसं वजन राहत नाही, कारण डाग नेमका कुणाचा हा प्रश्न उभा राहतो आणि तो रास्तच आहे.

मुदतीचं भान ठेवावं लागतं. एअरबीएनबी या बुकिंग साइटवर चेकआउटपासून 14 दिवसांच्या आत मागणी नोंदवायची असते. आधी ती पाहुण्याकडे जाते, त्याला 24 तास मिळतात, आणि त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही तर मग कंपनीला मध्ये घेता येतं. झीज कुणीच भरून देत नाही, आणि देऊही नये. पडदे 5 वर्षं टिकतील असं धरलं आणि 3 वर्षं वापरून झाली असतील, तर नव्या पडद्यांची पूर्ण किंमत मागणं मला लबाडी वाटते. मी 40 टक्के मागते आणि हिशोब लिहून देते. ओट्याच्या वेळी मूळ बिल, कारागिराचं लेखी कोटेशन आणि हा घसारा, तिन्ही सोबत जोडलं. पाहुण्याने एका संध्याकाळी मान्य केलं. वाद झाला नाही.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची मोडली. मागचा पाय सांध्यातून निखळलाय. पाहुण्यांनी जाताना काही सांगितलं नाही. मावशींचं म्हणणं, त्यांच्याबरोबरचा मोठा मुलगा खुर्ची मागे झुलवत बसायचा, त्यांनी पाहिलंय. माझं मन लगेच तिकडे धावलं. पण सांध्यात जुना फेविकॉल कोरडा, पिवळा आणि पुडीसारखा झालेला दिसतोय, आणि खुर्ची आठ वर्षांची आहे. पाहुण्यांना मी एवढंच लिहिलं: "खुर्ची आधीपासून डगमगत होती का? तुम्हाला कुणाला लागलं तर नाही ना?" उत्तर अजून आलेलं नाही. सुतार गुरुवारी येणार आहेत, मुदतीचे नऊ दिवस बाकी आहेत. बाकीच्या पाचही खुर्च्या मी उलट्या करून ठेवल्यात, त्यांचे सांधेही बघून घ्यायचेत.